काठी, शिट्टी आणि नेमणुकीचा कागद: सुरक्षा स्वयंसेवकांसाठीच्या कायदा प्रशिक्षणाचे परीक्षण

गावोगावच्या ग्राम सुरक्षा दलांचे सदस्य, गणेश मंडळांचा बंदोबस्त सांभाळणारे कार्यकर्ते आणि वसाहतींत आळीपाळीने रात्रीची गस्त घालणारे रहिवासी यांच्यासाठी आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणची एक खासगी संस्था फौजदारी कायद्याचे एकदिवसीय प्रशिक्षण देते. शुल्क प्रत्येकी ४०० रुपये असून त्यात दुपारचे जेवण, छापील पुस्तिका आणि सहभागाचे प्रमाणपत्र येते. आमच्या दलातील काही तरुणांसह मी या प्रशिक्षणाला गेलो होतो. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही. माझे मत आधीच सांगतो. स्वयंसेवकाने काय करू नये हे या प्रशिक्षणात उत्तम शिकवले जाते. मात्र त्याच्यावर हात उगारणाऱ्याला कायदा नेमकी कोणती शिक्षा देतो, आणि ती कोणाच्या बाबतीत लागू होते, या मूळ प्रश्नाचे उत्तर तेथे अर्धवटच मिळते.

असे प्रशिक्षण हवे, याबद्दल मला शंका नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यातील काही तालुक्यांत रात्री आकाशात ड्रोन दिसल्याच्या बातम्या पसरल्या, त्यामागोमाग चोरट्यांच्या अफवा आल्या आणि बंद पडलेल्या गस्ती पुन्हा सुरू झाल्या. हातात काठी, गळ्यात शिट्टी आणि खिशात मोबाइल घेऊन पोरे रात्रभर वेशीवर बसू लागली. अशा गस्तीचे पुढे काय होऊ शकते हे महाराष्ट्राने दोनदा पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. या दोन्ही घटनांचा उल्लेख प्रशिक्षकांनी सकाळीच केला आणि राईनपाडा प्रकरणात २०२४ मध्ये धुळे न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावल्याचेही सांगितले. ते ऐकताना सभागृहात चुळबुळ थांबली होती, हे नोंदवले पाहिजे.

पहिले सत्र निवृत्त सरकारी वकिलांनी घेतले. विषयावर त्यांची पकड आहे, आणि कलमे घोकून न सांगता ती ठाण्यावर प्रत्यक्ष कशी लागतात हे ते सांगतात. ग्रामीण भागात ‘तीनशे त्रेपन्न’ हा आकडा शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. सरकारी कामात अडथळा आणला की ते कलम लागते, एवढी त्याची ख्याती आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि त्या कलमाची जागा कलम १३२ ने घेतली. कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकाला त्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा) व अजामीनपात्र आहे. याच हेतूने दुखापत केली तर कलम १२१ लागते. साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, तर गंभीर दुखापतीला किमान एक आणि कमाल दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. नुसता अडथळा आणल्यास कलम २२१ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड आहे. दंगल शमवणाऱ्या लोकसेवकावर हात टाकल्यास कलम १९५ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वकीलसाहेबांनी येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, जी पुस्तिकेत नाही. महाराष्ट्राने २०१७ च्या राज्य दुरुस्तीने जुन्या कलम ३३२ (लोकसेवकाला दुखापत) आणि ३५३ खालील शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवलेली होती. न्याय संहितेच्या मूळ मजकुरात मात्र बळाच्या वापराची शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली आहे. म्हणजे ‘पाच वर्षे आत जाशील’ हा गावच्या पारावर ऐकू येणारा दम निव्वळ बळाच्या वापरापुरता आता खरा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला मात्र जुनाच कायदा लागू राहतो.

हे सगळे उत्तम होते, पण या प्रत्येक कलमात लोकसेवक आहे. रात्री दोन वाजता वेशीवर उभा असलेला आमच्या दलातला पोरगा लोकसेवक आहे काय? हा प्रश्न आमच्या शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांनी नेमका विचारला. ‘साहेब, माझ्या नावाचा आदेश आहे, माझं ठीक आहे. पण माझ्याबरोबर फिरणाऱ्या पोरांचं काय?’ त्यावर ‘पाटील, ते ठाण्यावर परिस्थिती पाहून ठरतं’ एवढेच उत्तर आले आणि पुढची स्लाइड लागली. शुल्क घेऊन दिलेल्या प्रशिक्षणात हे उत्तर पुरेसे नाही. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या स्वयंसेवकाला आपण कायद्याच्या नजरेत कोण आहोत हेच कळले नाही, तर बाकीची कलमे त्याच्या काही उपयोगाची नाहीत.

संस्थेने जे सांगायला हवे होते ते मला जमेल तसे येथे मांडतो. लोकसेवकाची व्याख्या न्याय संहितेच्या कलम २ मध्ये आहे. ती बरीच व्यापक असली तरी तिचा गाभा कायद्याने सोपवलेल्या कर्तव्यात आहे, आणि नुसत्या सदिच्छेने रस्त्यावर उतरलेला माणूस आपोआप तिच्यात बसत नाही. स्वयंसेवकाला लोकसेवकाचे संरक्षण मिळते ते एखाद्या विशिष्ट कायद्याखाली त्याची लेखी नेमणूक झाल्यामुळे. होमगार्डचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत उभ्या राहिलेल्या या दलाला मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७ चा आधार आहे आणि कामावर बोलावलेल्या होमगार्डला पोलीस अधिकाऱ्यासारखेच अधिकार आणि संरक्षण मिळते. त्यामुळे बंदोबस्तावरच्या होमगार्डची कॉलर धरणाऱ्यावर कलम १३२ लावताना ठाणे अंमलदाराला फारसा विचार करावा लागत नाही. पोलीस पाटलाची नेमणूक महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली होते. नागरी संरक्षण दलाला १९६८ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

चौथा मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. दंगल किंवा शांतताभंगाची भीती असताना नेहमीचे पोलीस बळ अपुरे वाटल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २१ खाली पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक स्वतःच्या सहीशिक्क्याच्या लेखी आदेशाने एखाद्या नागरिकाला विशेष पोलीस अधिकारी नेमू शकतात. त्याला प्रमाणपत्र मिळते आणि त्या नेमणुकीपुरते पोलिसाचे अधिकार, संरक्षण आणि जबाबदाऱ्याही मिळतात. उत्सवाच्या काळात अनेक ठिकाणी कार्यकर्त्यांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ असे छापलेले कार्ड वाटले जाते. त्या कार्डामागे असा आदेश आहे की ते केवळ उत्साहवर्धनासाठी आहे, हे बहुतेकांनी कधी विचारलेलेच नसते. ‘पोलीस मित्र’ हीसुद्धा उपयुक्त, पण प्रशासकीय पातळीवरची योजना आहे. तिचे ओळखपत्र गळ्यात आहे म्हणून कोणी लोकसेवक ठरत नाही. खटला उभा राहिला की आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की फिर्यादीच्या नेमणुकीचा आदेश कोठे आहे, आणि तो कागद नसेल तर कलम १३२ चा पायाच निखळतो.

पूरप्रवण भागातील वाचकांसाठी आणखी एक तरतूद सांगतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ५१ सरकारी अधिकाऱ्यांबरोबरच राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीलाही संरक्षण देते. तिच्या कामात वाजवी कारणाशिवाय अडथळा आणल्यास एक वर्षापर्यंत, आणि त्या अडथळ्यामुळे जीवितहानी झाल्यास किंवा तसा धोका ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली भागात गावकऱ्यांनी आपापल्या हिमतीवर नावा काढल्या होत्या, हे आठवले म्हणजे जिल्हा प्राधिकरणाकडे आधीच नाव नोंदवून ‘आपदा मित्र’सारख्या योजनेत येण्याचे महत्त्व लक्षात येते. हा विषय प्रशिक्षणात आलाच नाही. मधल्या सुट्टीत मी विचारले तेव्हा ‘तो वेगळा कोर्स आहे’ असे सांगण्यात आले.

नेमणूक नसलेला स्वयंसेवक अगदीच उघड्यावर पडतो असेही नाही. त्याला सामान्य नागरिकाचे सर्व संरक्षण आहे. मारहाण झाली तर न्याय संहितेचे कलम ११५, हाड मोडले किंवा तशीच गंभीर इजा झाली तर कलम ११७, कोयता किंवा गज वापरला तर कलम ११८, आणि जिवे मारण्याची धमकी दिली तर कलम ३५१ लागते. मात्र ठाण्याच्या पायरीवर एक मोठा फरक पडतो. कलम ११५ खालची साधी दुखापत अदखलपात्र आहे. त्यामुळे दोन कानाखाली खाऊन आलेल्या स्वयंसेवकाच्या हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती पडते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस पुढे तपास करू शकत नाहीत. तोच फटका होमगार्डला बसला असता तर गुन्हा दखलपात्र झाला असता. एकाच गल्लीत, एकाच रात्री, एकाच माणसाने मारलेल्या दोन फटक्यांतला हा फरक वकीलसाहेबांनी फळ्यावर मांडला असता, तर नेमणुकीचा कागद मागण्याची निकड सर्वांना तेथेच पटली असती.

दुपारचे सत्र मात्र या प्रशिक्षणाचा खरा ऐवज आहे. पोलीस दलातून निवृत्त झालेले एक सहायक उपनिरीक्षक ते घेतात आणि त्यात ते प्रसंग वठवून घेतात. एका तरुणाला चोर केले, चौघांना गस्तवाले केले आणि ‘पकडा’ म्हणून सांगितले. पोरांनी त्याला दणक्यात पकडले, खिसे उलटे केले, त्याचे हात उपरण्याने बांधले आणि एकाने मोबाइलवर चित्रण सुरू केले. मग साहेबांनी एकेक प्रश्न टाकायला सुरुवात केली. चोरी करताना याला कोणी डोळ्यांनी पाहिले? पकडले तेव्हा किती वाजले होते, आणि ती वेळ कोणी लिहून घेतली? खिसे तपासायचा अधिकार कोणी दिला? चित्रीकरण कोणत्या ग्रुपवर जाणार आहे? उत्तर कोणाकडेच नव्हते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० त्यानंतर त्यांनी असे समजावले की पुस्तिका उघडायची गरज उरली नाही.

खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकार आहे, पण तो दोनच परिस्थितींत. समोरच्या माणसाने तिच्या देखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला पाहिजे, किंवा तो न्यायालयाने फरार घोषित केलेला गुन्हेगार असला पाहिजे. ‘संशयास्पद फिरत होता’ हे यात बसत नाही. ‘आपल्या भाषेत बोलत नव्हता’ हे तर नाहीच नाही. पकडलेल्याला विनाकारण उशीर न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. सहा तासांची ही मर्यादा नव्या संहितेने घातली. जुन्या कायद्यात विनाकारण उशीर नको एवढेच म्हटले होते, आणि त्या शब्दांच्या आडून ग्रामपंचायतीच्या खोलीत सकाळपर्यंत ‘चौकशी’ चालत असे. आता रात्री अकराला पकडलेला माणूस पहाटे पाचनंतर तुमच्या ताब्यात असेल, तर तोच तुमच्याविरुद्ध न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा डांबून ठेवल्याची फिर्याद देऊ शकतो. मारहाण केली असेल तर ती कलमे वेगळी लागतात.

याच ओघात आलेला एक मुद्दा सभागृहातील बहुतेकांना नवा होता. न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते, आणि असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे. म्हणजे विहिरीवरची मोटर उचलताना सापडलेला आणि चार कोंबड्या नेताना सापडलेला हे दोघे कलम ४० च्या दृष्टीने एका पंक्तीत बसत नाहीत. दुसऱ्याला अडवून ठेवताना गस्तवाल्यालाच जपून राहावे लागते. अंधारात वस्तूची किंमत आणि माणसाचा पूर्वेतिहास कोणी ताडायचा, असा रास्त प्रश्न एकाने केला. त्यावर साहेबांचे उत्तर व्यवहारी होते. ११२ ला फोन लावा, फोनची वेळ आपोआप नोंदली जाते. बीट अंमलदाराला कळवा, माणसाला घेरून उभे राहा, हात लावू नका. माझ्या मते चारशे रुपये या एका वाक्यात वसूल होतात.

साहेबांनी खाकी कपड्यांविषयीही बजावले. काही दलांनी एकसारखे खाकी शर्ट शिवून घेतले आहेत. लोकसेवक असल्याची बतावणी करणाऱ्याला कलम २०४ खाली किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख किंवा बिल्ला वापरणे हा कलम २०५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. नारिंगी किंवा पोपटी जाकीट घाला, हा त्यांचा सल्ला आमच्या दलाने लगेच मानला.

खासगी बचावाच्या हक्काचे सत्र सर्वांत कच्चे होते, आणि तेथेच चूक सर्वांत महाग पडते. चहा उशिरा आल्यामुळे हा विषय घाईत उरकला गेला. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडणाऱ्याविरुद्ध मालमत्तेच्या बचावाचा हक्क प्रसंगी मृत्यू घडवण्यापर्यंत जाऊ शकतो, हे न्याय संहितेच्या कलम ४१ मधले वाक्य सांगितले गेले आणि तरुणांनी तेवढेच नेमके उचलले. त्याला बांध घालणारे कलम ३७ मात्र स्लाइडवर दोन सेकंद राहिले. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही, असे ते कलम सांगते. चोर पळू लागला, पडला किंवा त्याने हात जोडले, की धोका संपलेला असतो आणि त्यानंतरचा प्रत्येक घाव बचावात मोजला जात नाही. बेकायदा जमावाने समान उद्दिष्टासाठी केलेल्या गुन्ह्याला कलम १९० खाली त्या जमावातला प्रत्येक जण जबाबदार असतो. वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केल्यास कलम १०३ च्या पोटकलम २ खाली प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. सकाळी राईनपाड्याची हकिगत सांगणाऱ्या संस्थेने दुपारी हा दुवा जोडू नये, याचे आश्चर्य वाटले. पुढच्या वेळी चहाचा वेळ कापला तरी चालेल, पण या सत्राला पूर्ण तास द्यावा.

शेवटचे सत्र अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाविषयी होते. महामार्गालगतच्या गावांसाठी हाच विषय सर्वांत जवळचा आहे, आणि तो नीट हाताळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४अ आले. सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला तातडीची मदत करणाऱ्यावर, त्या मदतीतील चुकीमुळे इजा किंवा मृत्यू झाला तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. सप्टेंबर २०२० च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव, पत्ता किंवा ओळख सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. तो स्वेच्छेने साक्षीदार झाला तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी घ्यावा लागतो, आणि त्याच्या हक्कांची सनद रुग्णालयाने दर्शनी भागात लावायची असते. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास ‘राह-वीर’ योजनेखाली २५,००० रुपयांचे बक्षीस मिळते. हे ऐकल्यावर मागच्या रांगांतही वह्या उघडल्या.

दिवसभरात सांगितलेल्या सर्व कलमांत मला हे सर्वांत उदार वाटते, कारण येथे नेमणुकीचा आदेश कोणी विचारत नाही. मात्र त्याची हद्द सांगणे राहून गेले. कलम १३४अ मोटार अपघातापुरते आहे. सर्पदंश झालेल्या शेतमजुराला किंवा मारामारीत जखमी झालेल्याला दवाखान्यात नेणाऱ्याला ते लागू होत नाही. त्याच्यासाठी न्याय संहितेचे कलम ३० आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला ते संरक्षण देते. परंतु सद्भावना म्हणजे केवळ चांगला हेतू नव्हे, योग्य ती काळजी आणि लक्षही त्यात अपेक्षित आहे.

हल्ला झाल्यानंतरचा भाग एका स्लाइडवर उरकला. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली गुन्ह्यातील पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरपाई मागता येते. अर्ज कसा करायचा, सोबत कोणती कागदपत्रे लावायची, फिर्यादीची प्रत मोफत मिळण्याचा हक्क कसा बजावायचा, हे सांगितले असते तर खेड्यातल्या माणसाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला असता. डोके फुटलेल्या स्वयंसेवकाच्या घरच्यांना शिक्षेच्या वर्षांपेक्षा टाक्यांच्या खर्चाची चिंता आधी असते.

सभागृह हवेशीर होते, ध्वनिव्यवस्था चांगली होती, जेवण साधे आणि वेळेवर होते. पुस्तिकेबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही. मुखपृष्ठावर भारतीय न्याय संहिता असे ठळक छापले आहे, पण आतील निम्म्या प्रकरणांत जुन्या दंड संहितेचेच क्रमांक आहेत. एका पानावर ३५३ आहे, तर पुढच्याच पानावर १३२ आहे, आणि दोन्हींचा संबंध कोठेही दिलेला नाही. खासगी व्यक्तीच्या अटकेचे कलम तर फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४३ असेच छापले असून त्यात सहा तासांचा उल्लेख नाही. व्यासपीठावरून एक आणि पुस्तिकेतून दुसरेच सांगितले गेले, तर घरी गेल्यावर माणूस छापलेल्यावर विश्वास ठेवतो. पुस्तिका ठाण्यात नेऊन दाखवणाऱ्याची तेथे फजिती होईल ती वेगळीच.

सहभागाच्या प्रमाणपत्राविषयीही संस्थेने स्पष्ट सूचना द्यावी. गोल शिक्का, अशोकस्तंभासारखी दिसणारी नक्षी आणि ‘सुरक्षा स्वयंसेवक’ ही ठळक अक्षरे पाहून आमच्यातील एकाने ते लॅमिनेट करून गाडीच्या काचेवर लावण्याचा बेत केला होता. तो कागद प्रशिक्षणाला हजर राहिल्याचा पुरावा आहे, नेमणुकीचा आदेश नव्हे, हे त्यावर छापले तर बरे.

दलाचा प्रमुख, मंडळाचा अध्यक्ष, तंटामुक्ती समितीचे पदाधिकारी आणि ज्यांच्या हाताखाली तरुण मुले गस्तीला जातात अशा सर्वांनी हे प्रशिक्षण एकदा घ्यावे असे मी सुचवेन. निव्वळ दुपारच्या सत्रासाठीही ते घेण्याजोगे आहे. संपूर्ण दलाला नेण्याऐवजी दोन-तीन जबाबदार माणसांना पाठवून, नंतर बीट अंमलदाराला गावात बोलावून त्याच विषयावर बैठक घेणे अधिक स्वस्त आणि उपयोगाचे ठरेल. आम्ही परत आल्यावर गस्तीवरच्या सदस्यांची नावे, पत्ते आणि पाळ्यांचे वेळापत्रक पोलीस ठाण्यात लेखी देऊन त्याची पोच घेतली, आणि उत्सवाच्या काळापुरती पोलीस अधिनियमाच्या कलम २१ खाली नेमणूक करता येईल का, अशी विचारणा करणारा अर्ज अधीक्षक कार्यालयाकडे पाठवला. पोच म्हणजे नेमणूक नव्हे, पण त्या रात्री आपण तेथे कशासाठी होतो हे सांगायला कागद तरी राहतो.

नव्या कलमांनुसार सुधारलेली पुस्तिका गणेशोत्सवापूर्वी येईल, असे संस्थेच्या कार्यालयातून सांगण्यात आले आहे. नोंदणी करणाऱ्यांनी ती आली आहे का, आणि खासगी बचावाच्या सत्राला किती वेळ ठेवला आहे, एवढे विचारूनच पैसे भरावेत.